वहिनीची गोळी

पेशींना उपाशी ठेवणं हे माझं काम आहे. दक्षिण दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत मी तांत्रिक अधिकारी आहे आणि पेशी वाढवायच्या खोलीचा कारभार माझ्याकडे असतो. मी शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ प्रश्न विचारतात, पेपर लिहितात, परदेशात जाऊन भाषणं देतात. मी पेशी जिवंत ठेवते, आणि मारायच्या असल्या की मारते.

उपाशी ठेवायची पद्धत सोपी आहे. बशीतला गुलाबी पोषक द्रव ओढून घ्यायचा, त्या जागी जवळजवळ मीठ-पाणीच म्हणावं असा द्रव घालायचा, आणि वाट बघायची. थोड्या वेळानं पेशी स्वतःलाच खायला लागतात. आतला जुना, मोडका, जादा माल त्या एका पिशवीत बांधतात, ती पिशवी दुसऱ्या आंबट पिशवीत रिकामी करतात, तिथे सगळं विरघळतं, आणि जे सुटं होतं त्यावर पेशी तग धरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. मराठीत स्वभक्षण असा शब्द आहे, पण तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हिरवे ठिपके उमटले की समजायचं, खाणं सुरू झालं.

एवढी वर्षं मी हे करते आहे, पण घरी कुणी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. घर म्हणजे दादाचं. मी एकटी राहते आणि रविवारी गाझियाबादला दादा-वहिनीकडे जेवायला जाते. दादा केंद्र सरकारच्या एका खात्यातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाला. वहिनी माझ्याहून थोडीशीच मोठी, त्यामुळे ती लग्न होऊन आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हापासून आमचं अगं-तुगं आहे. मला टोमणा मारायचा असला की मात्र ती मुद्दाम ‘वन्सं’ म्हणते. मी काय काम करते याबद्दल दोघांची समजूत एवढीच होती, की मी ‘लॅबमध्ये’ असते आणि माझ्या हाताला स्पिरिटचा वास येतो.

मग दादाला किडनीचा कर्करोग निघाला. किडनी काढली. सगळे म्हणाले, सुटला. मीही म्हणाले. पुढे फुप्फुसांत ठिपके दिसले. पहिली औषधं काही काळ चालली आणि मग चालेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. कागद माझ्याकडे देत वहिनी म्हणाली, “बघ गं, हे काय आहे.”

मी नाव वाचलं. या गोळीचं जवळचं भावंड आमच्या फ्रीजरमध्ये, दुसऱ्या खणात असतं. पेशीत एक कळ असते, तिला एमटॉर म्हणतात. अन्न भरपूर आहे तोवर ही कळ चालू राहते आणि पेशीला सांगते, वाढ, दोनाच्या चार हो. अन्न संपलं की कळ बंद पडते, वाढ थांबते आणि स्वतःला खाणं सुरू होतं. ही गोळी ती कळ मधूनच बंद करून ठेवते. म्हणजे अन्न समोर असलं तरी पेशीला वाटतं, दुष्काळ पडला. बशीतल्या पेशींशी मी जे करत होते, तेच डॉक्टर आता माझ्या भावाशी करणार होते.

“चांगलं औषध आहे,” मी म्हणाले. ते खरंही होतं.

पण दादाला ‘चांगलं’ एवढं पुरणार नव्हतं. आयुष्यभर त्यानं सरकारी फायली वाचल्या, आणि पूर्वपीठिका नसलेली फाइल तो परत पाठवायचा. त्या रविवारी जेवण झाल्यावर त्यानं मला समोर बसवलं.

“नीट सांग. सोप्या भाषेत. समज, मी नवीन मंत्री आहे.”

मी सांगितलं. कळ, अन्न, दुष्काळ, पिशव्या. तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, “थांब. म्हणजे आमच्या कंडेम फर्निचरसारखं.”

सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मोडलेली खुर्ची कुणी टाकत नाही. तिच्यावर ‘कंडेम’ असं लिहितात आणि तिला व्हरांड्यात ठेवतात. विल्हेवाट समितीची बैठक होईपर्यंत ती तिथेच असते. व्हरांडे भरून जातात.

“एमटॉर म्हणजे तो अधिकारी,” दादा म्हणाला, “जो बजेट आलं की नवीन टेबलं मागवतो आणि बजेट कापलं की म्हणतो, आता व्हरांडा साफ करा.”

“बरोबर.”

“आणि थंडीत रात्रपाळीचे चौकीदार त्याच खुर्च्या फोडून शेकोटी करतात.”

“तेही बरोबर,” मी म्हणाले. मला हे सुचलं नसतं. “गाठीचंही तसंच होतं. गोळीनं थंडी पडते. गाठ वाढायची थांबते. पण तिच्या व्हरांड्यात मोडक्या खुर्च्या भरपूर असतात. त्या जाळून ती थंडी काढू शकते.”

मी इथेच थांबायला हवं होतं असं पुढे वहिनी म्हणाली. मला तसं वाटत नाही. विचारलं तर सांगावं, एवढंच मला कळतं.

दादा म्हणाला, “म्हणजे ही गोळी वाढ थांबवते आणि शत्रूला शेकोटीची परवानगीही देते. एकाच आदेशात?”

“एकाच आदेशात.”

“कुठल्या गाढवानं मसुदा केलाय?”

स्वयंपाकघरातून वहिनी हसली. ती भांडी आवरत होती आणि सगळं ऐकत होती. तिनं ओट्यापासूनच विचारलं, “पण खुर्च्या साफ झालेल्या बऱ्या ना? आमच्या जुन्या क्वार्टरात गॅलरीतल्या त्या मोडक्या कपाटातूनच वाळवी घरभर पसरली होती.”

“तेही खरंच आहे,” मी म्हणाले. “निरोगी पेशीत ही साफसफाई चांगलीच. ती नीट होत नसेल तर मोडका माल साठतो, बिघाड होतात, आणि कधीकधी त्यातूनच कर्करोग सुरू होतो असं म्हणतात. आधी ती राखण करते. पण एकदा गाठ झाली की तीच साफसफाई गाठीला जगवते.”

“दोन्ही?” वहिनी म्हणाली.

“दोन्ही.”

“मग शेकोटी विझवायची काही सोय?” दादानं विचारलं.

“लाकडं ओली करायची,” मी म्हणाले. “दुसऱ्या एका औषधानं आंबट पिशवीतला आंबटपणा मोडला की आत टाकलेलं विरघळत नाही. पेशी पिशव्या बांधत राहते आणि त्यातून मिळत काहीच नाही. आम्ही बशीत ही दोन्ही औषधं एकत्र घालतो तेव्हा पेशी टिकत नाहीत.”

“दुसरं औषध कुठलं?”

मी क्लोरोक्विन म्हणाले. मलेरियाचं. आणि त्याची धाकटी बहीण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, करोनाच्या दिवसांत जिच्यासाठी दिल्लीभर लोक केमिस्टांच्या दारात उभे होते ती.

दादा उठला, फ्रिजवरचा स्टीलचा डबा खाली काढला आणि त्यातून एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. वहिनीला आमवात आहे. सकाळी तिची बोटं आखडतात. त्यासाठी ती कित्येक वर्षं रोज जेवणानंतर एक गोळी घेते.

“हीच का?”

हीच होती.

तो हसला. आजार निघाल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. “घरातच होती की गं! आणि आम्ही दिल्लीभर फिरतोय.”

“दादा, बशीतलं आणि माणसातलं वेगळं असतं.”

“मला माहितीये. म्हणून तर तुला विचारतोय. तू हो म्हण, मी घेतो.”

इथे दादाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दुसरा कुणी असता तर पाकीट फोडून गोळी तोंडात टाकून मोकळा झाला असता. दादा तसं कधीच करणार नव्हता. नोकरीत त्यानं सहीशिवाय पेन्सिलीचा डबासुद्धा मागवला नाही. स्वतःच्या लग्नालाही त्यानं वडिलांकडून ‘हो’ ऐकलं, मग पुन्हा आईकडून ऐकलं, आणि मगच वहिनीच्या घरी कळवलं. सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी मिळाल्याशिवाय तो काही करत नाही. या बाबतीत त्यानं सक्षम अधिकारी म्हणून मला नेमलं होतं.

“डॉक्टरांना विचारू,” मी म्हणाले.

डॉक्टर तरुण होते. बाहेर भली मोठी रांग होती आणि ते भराभर बोलत होते. माझं काम त्यांना माहीत होतं.

“मैडम, आपको क्या समझाऊँ. आप तो रोज़ देखती हैं.”

“मैं डिश में देखती हूँ,” मी म्हणाले. “डिश की बात और है.”

“बस, वही तो बात है.”

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. परदेशात डॉक्टरांनी ही जोडी थोड्या रुग्णांवर करून पाहिली आहे. काहींचा आजार थांबला, काहींचा नाही, आणि ज्यांचा थांबला त्यांचा कशामुळे थांबला हे छातीठोक सांगता येत नाही. सांध्यांसाठी जेवढी गोळी देतात तेवढ्यानं गाठीतली आंबट पिशवी खरंच बंद पडते का, हे रुग्णाच्या शरीरात मोजायची सोय नाही. या गोळीनं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि दादाचा ईसीजी आधीच काठावरचा होता.

दादानं हात जोडून विचारलं, “सर, मेरी कन्सेंट हो तो?”

“अंकल जी, कन्सेंट भी आपकी है, दिल भी आपका है. ट्रायल चल रहा होता तो सोचते. यहाँ कोई ट्रायल है नहीं. ऐसे मैं नहीं लिखूँगा.”

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, “झालं, नाही म्हणाले.”

“नाही म्हणाले नाहीत,” दादा म्हणाला. “‘मी लिहिणार नाही’ म्हणाले. दोन्हींत फरक असतो. ‘नाही’ म्हणजे प्रस्ताव फेटाळला. ‘मी लिहिणार नाही’ म्हणजे फाइल माझ्या टेबलावर नको.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आता ती तुझ्या टेबलावर.”

“माझ्याकडे टेबलच नाही.”

“आहे. तू फक्त त्याच्यामागे बसत नाहीस.”

त्यानंतरचे महिने मी जे करता येतं ते करत राहिले. सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रं. रक्ततपासण्या. गोळीनं साखर वाढली तेव्हा साखरेच्या डॉक्टरांची वेळ. या कामांत मी चांगली आहे. रांगेत मध्ये घुसणाऱ्याला बाजूला कसं करायचं, खिडकीवरच्या माणसाशी किती गोड बोलायचं आणि कधी बंद करायचं, हे दिल्लीत वाढलेल्या कुठल्याही बाईला येतं. या कामांचा एक फायदा असा, की ती चालू असतात तोवर आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं.

दादाचं तोंड आलं. या गोळीनं ते येतंच, पण किती, याची मला कल्पना नव्हती. जिभेच्या कडेला, गालांच्या आत, ओठांच्या मागे पांढरे फोड. डॉक्टरांनी गुळण्यांचं औषध दिलं. वहिनी तूप लावायची, ज्येष्ठमधाचं पाणी द्यायची. मेतकूट-भात सुरू झाला, मग मेतकूट झोंबतं म्हणून नुसता भात, मग भाताची पेज. चांगला खाणारा माणूस, करोल बागेतल्या छोले-भटुऱ्यांसाठी मेट्रो बदलून जाणारा, वाटीभर पेजेसमोर मिनिटंच्या मिनिटं बसून राहायचा.

“गंमत बघ,” एकदा तो म्हणाला. त्याचे शब्द तोंडातल्या तोंडात येत होते. “पेशींना उपाशी ठेवायचं ठरलं होतं. मला कुठे ठेवायचं होतं?”

“बोलू नकोस. दुखेल.”

“गाठ काय खात असेल गं आत्ता?”

ती काय खात असेल हे मला माहीत होतं. तो वाळत चालला होता आणि ती स्वतःच्या खुर्च्या जाळत बसली असणार. कदाचित जळत नसतीलही. हे त्याच्या फुप्फुसात डोकावून बघायची कुठलीच सोय माझ्याकडे नव्हती. बशीत मी दिवा लावते, डोळा लावते आणि ठिपके दिसतात. इथे मला फक्त माझा भाऊ दिसत होता.

दर रविवारी निघताना तो विचारायचा, “फाइलीचं काय?”

“विचाराधीन,” मी म्हणायचे.

“किती दिवस?”

“सरकारी कामाला वेळ लागतो.”

यावर दोघेही हसायचो. पण मी खरोखर विचार करत होते, आणि विचार कुठेच पोहोचत नव्हता. संस्थेतल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञबाईंना चहाच्या वेळी विचारलं. या विषयात त्यांचा शब्द जगात मानतात. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “इट डिपेन्ड्स.” कुठल्या गाठीत, कुठल्या टप्प्यावर, किती काळ. काही गाठींना ही साफसफाई बंद झाल्यानं फटका बसतो, काहींना काहीच होत नाही, आणि शरीरातल्या लढणाऱ्या पेशींनाही तीच साफसफाई लागते, तेव्हा विझवताना आपलीच चूलही विझू शकते. “तुझा भाऊ असेल तर मी तुला सल्ला देणार नाही,” त्या म्हणाल्या. त्या चांगल्या बाई आहेत. पण त्यांनीही फाइल आपल्या टेबलावर घेतली नाही.

दिवाळी होऊन गेली. हवा नेहमीप्रमाणे खराब झाली, खिडक्या बंद झाल्या. अशाच एका रविवारी मी गेले तर ओट्यावर बाहेरून मागवलेल्या पोळ्या होत्या. वहिनीच्या घरात विकतची पोळी ही नवलाची गोष्ट.

“कंटाळा आला,” वहिनी म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं मला कुकर उघडायला सांगितला. वाफ कधीच गेली होती, झाकण सैल होतं. मी तिचे हात बघितले. बोटांचे सांधे सुजून चकाकत होते. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती.

“गोळी चालू आहे ना?”

मी फ्रिजवरचा डबा काढला. आत पाकिटंच्या पाकिटं होती, न फोडलेली. क्षणभर मला वाटलं, हिनं ती दादासाठी साठवली आहेत.

“कधीपासून बंद आहे?”

“तू त्या दिवशी खुर्च्यांचं सांगितलंस ना, तेव्हापासून.”

“का?”

“का म्हणजे? तूच म्हणालीस. साफसफाई बंद पडली की मोडका माल साठतो आणि त्यातून हा रोग होतो. आणि ही गोळी साफसफाईच बंद करते. इतकी वर्षं मी रोज खातेय ती. माझे व्हरांडे किती भरले असतील, सांग.”

माझ्या एकाच बोलण्यातून नवऱ्यानं ठरवलं होतं की त्याला ही गोळी हवी, आणि बायकोनं ठरवलं होतं की तिला ही गोळी नको. दोघांचाही हिशेब चुकलेला नव्हता. दोघंही माझ्याच दोन वाक्यांना धरून चालली होती, एक एका वाक्याला आणि दुसरं दुसऱ्या.

“वहिनी, जगभर लोक ही गोळी वर्षानुवर्षं घेतात. डोळे तपासतात, बाकी काही नाही. तुझ्या डॉक्टरांना न विचारता बंद केलीस?”

“विचारलं असतं तर घ्या म्हणाले असते.”

“मग?”

“मग काय! हे असे पडलेत. उद्या मीही पडले तर ह्यांच्या तोंडात चमचा कोण घालणार? तू? वन्सं, तुम्हाला वरणाला फोडणी देता येत नाही.”

“आणि आता तुझ्या हातात चमचा धरवतो का?”

तिनं विचारलं, “मला काही होणार नाही?”

“नाही.”

“नक्की?”

आमच्याकडे हा शब्द वापरत नाहीत. आम्ही म्हणतो, उपलब्ध पुराव्यानुसार. आम्ही म्हणतो, आजवर असं आढळलेलं नाही. विद्यार्थ्यांच्या अहवालात ‘नक्की’ दिसलं की मी लाल पेननं गोल करते. पण तिची बोटं समोर होती आणि तिला अहवाल नको होता.

“नक्की,” मी म्हणाले.

तिनं लगेच पाकीट माझ्यापुढे केलं. मी गोळी काढून दिली, पाणी दिलं, तिनं घेतली. एवढंच होतं.

बाहेरच्या खोलीत सोफ्यावर दादा शाल घेऊन पडला होता. झोपला असेल असं मला वाटलं होतं.

“वा,” तो म्हणाला. “तिला दोन मिनिटांत मंजुरी.”

“तिचं वेगळं आहे.”

“असेल. माझ्या फाइलीवर काय?”

इतके महिने मी ‘विचाराधीन’ म्हणत होते. तेही आता म्हणवेना. वहिनीला ‘नक्की’ म्हटल्यावर त्याला काहीतरी म्हणणं भाग होतं.

“नाही,” मी म्हणाले.

“कारण?”

“डॉक्टर लिहून देत नाहीत ते घ्यायचं नाही.”

“हे कारण नाही. हा नियम झाला.”

“मग नियम समज.”

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं भांडेल. त्यानं भांडावं असंच मला वाटत होतं. म्हटलं असतं त्यानं, तुझी बशी खरी का माझा जीव खरा, तर मी कदाचित डगमगले असते.

“ठीक आहे,” तो म्हणाला आणि डोळे मिटले.

तो ऐकणार हे मला माहीत होतं. डबा फ्रिजवर, त्याच्या हाताच्या अंतरावर, आणि तो त्याला शिवणार नाही. जो माणूस ऐकतो त्याला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं आणि फार वाईट असतं. हो म्हटलं आणि त्याचं हृदय थांबलं, तर ते माझ्या ‘हो’नं. नाही म्हटलं आणि गाठ वाढली, तर ती माझ्या ‘नाही’नं वाढली का नुसतीच वाढली, हे कुणालाच कधी कळणार नाही. मी दुसरं निवडलं. ते बरोबर होतं म्हणून निवडलं, का त्यात मी सापडणार नव्हते म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.

वहिनीची सूज हळूहळू उतरायला लागली. दादाचा पुढचा स्कॅन थंडी ऐन भरात असताना झाला. डॉक्टरांनी पडद्यावर जुनं आणि नवं शेजारीशेजारी लावलं. मला ते वाचता येत नाही असं नाटक करायला मला आवडलं असतं. जुने ठिपके मोठे झाले होते आणि दोन नवे होते.

“यह गोली बंद करते हैं,” डॉक्टर म्हणाले. “एक और दवा है, वो शुरू करेंगे.” त्यांनी लिहायला सुरुवात केली. दादानं नव्या औषधाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. नाव विचारलं नाही, ते कसं चालतं हे विचारलं नाही. मीच डोस विचारला, कधी घ्यायचं विचारलं, तोंडाचं काय ते विचारलं. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये त्यानं चार चमचे दहीभात खाल्ला. वहिनीनं उरलेला संपवला.

गाडी मी चालवत होते. दादा शेजारी, वहिनी मागे. दुपार असूनही सूर्य पितळेच्या जुन्या ताटलीसारखा दिसत होता. यमुनेच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या.

“एक विचारू?” दादा म्हणाला. “रागावू नकोस.”

“विचार.”

“घेतली असती तर?”

“माहीत नाही.”

“अंदाज?”

“अंदाजही नाही, दादा. खरंच नाही.”

“अहो, तिला गाडी चालवू द्या,” वहिनी मागून म्हणाली.

“गाडी कुठे चाललीये? उभीच आहे.”

पुढचा ट्रक दोन हात सरकला, मी दोन हात सरकले. मागून पाकिटाचा चुरचुर आवाज आला. वहिनीची जेवणानंतरची गोळी राहिली होती. तिची बोटं अजून पुरती सुटली नव्हती, अंगठ्यानं ती चंदेरी पापुद्र्यातून निघेना. जरा वेळ झटापट करून तिनं पाकीट पुढे दिलं.

“जरा काढून द्या हो.”

दादानं ते घेतलं, अंगठ्यानं दाबलं. गोळी त्याच्या तळव्यावर पडली. बारीक, पांढरी. तो तिच्याकडे बघत राहिला.

पहिली गोळी बंद झाल्यावर या दुसरीला एकटीला काही अर्थ उरतो का, हे मला माहीत नव्हतं. तरी सांगते, त्या क्षणी त्यानं ती स्वतःच्या तोंडात टाकली असती तर मी एक शब्द बोलले नसते. मी आरशातून वहिनीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, फार लक्ष देऊन, जिथे धुक्याशिवाय काहीच नव्हतं.

दादानं पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून सैल केलं आणि गोळीचा हात मागे नेला.

“घे,” तो म्हणाला. “पाणी सांडू नकोस.”